शिकून झालेल्यांचे शिक्षण

पदवी हाती पडल्यावर डॉक्टराने पुस्तक मिटले, तर त्याचे परिणाम रोग्याला भोगावे लागतात, हे कोणाला पटवून द्यावे लागत नाही. वकिलाने नवा कायदा वाचला नाही, तर पक्षकार खटला हरतो, हेही आपण जाणतो. परंतु घराचा नकाशा काढणारा मनुष्य पदवीनंतर काय शिकतो, कोठे शिकतो आणि न शिकल्यास त्याचे प्रायश्चित्त कोणाला घ्यावे लागते, हा प्रश्न आपल्या मनात सहसा येत नाही. याचे कारण उघड आहे. चुकीचे औषध आठ दिवसांत कळते. चुकीची भिंत मात्र तीस-चाळीस वर्षे बिनतक्रार उभी राहते. आणि ती पडते तेव्हा ती बांधणारा बहुधा तेथे नसतो, आत झोपलेली माणसे असतात.

व्यवसायात पडलेल्या वास्तुविशारदांच्या पुढील शिक्षणाचा इतिहास आज आम्ही आपणांपुढे मांडणार आहोत. विषय मुंबई-पुण्याचा वाटेल. पण त्याचे खरे वजन समजून घ्यायचे, तर नाशिक जिल्ह्याच्या पश्चिम टोकाला, त्र्यंबकच्या पलीकडे, गुजरातच्या सीमेलगतच्या हरसूल भागात जावे लागेल. म्हणून प्रारंभ तेथूनच करू.

हरसूलच्या परिसरात कोकणा, वारली, महादेव कोळी या जमातींची वस्ती आहे. येथले जुने घर पाहावे. जमिनीत रोवलेल्या सागाच्या मेढी, त्यांच्या बेळक्यात टेकलेले आढे, दोन्ही बाजूंनी उतरणारे वासे, आणि वर पूर्वी गवत, मागाहून नळीची कौले. भिंत म्हणजे कारवीच्या काठ्यांचा कूड, त्याला दोन्ही अंगांनी शेणमातीचा लेप. या भिंतीवर छपराचा भार नसतोच. तो सारा मेढींवर असतो. छपराची वळचण इतकी खाली येते की, घाटमाथ्याचा पाऊस चार महिने कोसळला तरी कुडाची माती वाहून जात नाही. कारवी सात-आठ वर्षांतून एकदा फुलते आणि फुलून मरते, हे ज्याला ठाऊक असते त्यालाच ती केव्हा तोडावी हेही ठाऊक असते. ही विद्या कोणी वर्गात शिकवली नाही. बापाच्या हाताखाली मुलगा, शेजाऱ्याच्या घराला अख्खे गाव, अशा रीतीने ती पिढ्यानुपिढ्या चालत आली. येथे शिकणे आणि बांधणे या दोन वेगळ्या गोष्टी नव्हत्या, आणि शिकणे संपण्याचा दिवसही ठरलेला नव्हता.

आता दुसरे टोक पाहू. 1857 च्या मार्च महिन्यात मुंबईत सर जमशेटजी जीजीभाई यांच्या देणगीतून कलाशाळा सुरू झाली. त्याच वर्षाच्या डिसेंबरात पेठ संस्थानात उठाव होऊन हरसूलचा बाजार लुटला गेला. एकाच वर्षातल्या या दोन घटनांचा परस्परांशी काही संबंध नाही, परंतु काळ कसा होता हे त्यांवरून दिसते. एकीकडे नव्या राज्याची शहरे उभी राहत होती, त्यांना नकाशे काढणारी माणसे हवी होती. दुसरीकडे रानातला मनुष्य त्या राज्याशी झगडत होता. घरे बांधण्याच्या दोन विद्या त्या वेळेपासून दोन वाटांनी निघाल्या, त्या आजतागायत नीट भेटलेल्या नाहीत.

तरीही नव्या विद्येचा जन्म महाविद्यालयाच्या दिवाणखान्यात झाला, अशी समजूत करून घेऊ नये. पुण्याचे अभियांत्रिकी महाविद्यालय 1854 साली निघाले, तेव्हा ते महाविद्यालय नव्हतेच. सरकारी इमारती, कालवे, रस्ते यांच्या कामावर दुय्यम अधिकारी हवे होते, त्यांना तयार करणारा तो एक वर्ग होता. मुंबईच्या कलाशाळेत वास्तुकलेचा प्रवेश झाला तो 1896 साली, आणि तोही नकाशानविसांच्या वर्गाच्या रूपाने. वास्तुविशारद, इंजिनिअर आणि सर्व्हेयर यांना मदतनीस हवेत, एवढाच त्या वर्गाचा हेतू होता. नकाशे काढणाऱ्या हातांना थोडे अधिक शहाणे करावे, ही त्यामागची कल्पना. म्हणजे आपल्याकडे या विद्येची संस्था निघाली तीच मुळी कामासाठी आणि कामाच्या शेजारी. 1908 साली सरकारचे सल्लागार वास्तुविशारद जॉन बेग यांनी चार वर्षांचा पद्धतशीर अभ्यासक्रम आखला आणि 1913 साली रॉबर्ट केबल यांच्याकडे त्याची सूत्रे आली. मदतनिसाचा वर्ग अशा रीतीने विशारदाची शाळा बनला.

यानंतरची घटना आमच्या विषयाच्या दृष्टीने फार महत्त्वाची आहे. 12 मे 1917 रोजी या शाळेच्या माजी विद्यार्थ्यांनी एकत्र येऊन एक मंडळ काढले. गेटवे ऑफ इंडियाचे शिल्पकार जॉर्ज विटेट त्याचे पहिले अध्यक्ष झाले. मंडळाचे नाव लक्षात ठेवण्याजोगे आहे: आर्किटेक्चरल स्टुडंट्स असोसिएशन. शिक्षण संपवून बाहेर पडलेली, कचेऱ्यांत नोकरी करणारी ही मंडळी. पण मंडळाला नाव देताना त्यांनी स्वतःला विद्यार्थीच म्हणवून घेतले. पुढे 1922 साली त्याचे बॉम्बे आर्किटेक्चरल असोसिएशन झाले आणि 1929 साली इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ आर्किटेक्ट्स झाली. 1934 पासून संस्थेचे नियतकालिक निघू लागले. दूरच्या गावी काम करणाऱ्या सभासदाला इतरत्र काय बांधले जात आहे, कोणता माल नवीन आला आहे, हे कळण्याचा तोच एक मार्ग होता. 1937 साली तर संस्थेने मुंबईच्या टाउन हॉलमध्ये आदर्श घराचे प्रदर्शन भरवून सामान्य नागरिकालाच आपल्या वर्गात बसवले. घर बांधणाऱ्याने शिकावे हे खरेच, पण घर बांधून घेणाऱ्यालाही चार गोष्टी कळल्या पाहिजेत, ही जाण त्यात होती.

याच काळातल्या दोन व्यक्तींचा उल्लेख केल्यावाचून पुढे जाता येत नाही. पहिले क्लॉड बॅटली. 1923 ते 1943 अशी वीस वर्षे त्यांनी मुंबईची शाळा चालवली आणि त्याच वेळी स्वतःचा व्यवसायही केला. इमारत समजून घ्यायची तर हातात टेप घेऊन ती मोजली पाहिजे, असा त्यांचा आग्रह होता. विद्यार्थ्यांना घेऊन ते जुने वाडे, देवळे, घरे मोजीत आणि त्यांची प्रमाणशीर रेखाटने करून घेत. त्या रेखाटनांचा ग्रंथही 1934 साली प्रसिद्ध झाला. परदेशातून आलेला शिक्षक या देशातली घरे पुन्हा विद्यार्थ्याच्या वृत्तीने वाचीत होता, हा त्यातला धडा होय.

दुसरे आपले नाशिकचे रावसाहेब कृष्णाजी विनायक वझे. 1891 साली ते पुण्याहून इंजिनिअरिंगची परीक्षा उत्तीर्ण होऊन सरकारी नोकरीत शिरले. शिक्षणात त्यांना हिंदी शिल्पाचा एकही ग्रंथ नेमलेला नव्हता. दुसरा कोणी असता तर तेवढ्यावर थांबला असता. वझ्यांनी नोकरी सांभाळून जुनी संस्कृत हस्तलिखिते धुंडाळली, त्यांतली परिभाषा लावली आणि 1920 च्या दशकात प्राचीन हिंदी शिल्पशास्त्राचे सार मराठीत आणले. त्यांच्या काही निष्कर्षांविषयी मतभेद होऊ शकतील, परंतु पदवीने सोडलेली पोकळी मनुष्याने स्वतःच्या कष्टाने आयुष्यभर भरीत राहावे, याचे याहून चांगले उदाहरण आपल्या जिल्ह्यात शोधूनही सापडणार नाही.

असो. येथवर चित्र आशादायक दिसते. मग बिघडले कोठे? आमच्या मते, व्यवसायाला प्रतिष्ठा आली तेथे. 1952 साली वास्तुकलेचा अभ्यासक्रम मुंबई विद्यापीठाशी जोडला गेला, 1958 साली स्वतंत्र महाविद्यालय झाले आणि 1972 साली वास्तुविशारद कायदा संमत झाला. हे सर्व आवश्यक होते, याविषयी दुमत नाही. कोणीही उठावे आणि स्वतःला वास्तुविशारद म्हणवून घ्यावे, हा प्रकार या कायद्याने थांबवला. परंतु कायद्याने रक्षण केले ते नावाचे. सर्वोच्च न्यायालयानेही 2020 साली असाच निर्णय दिला की, या कायद्याने बंदी आहे ती बिगरनोंदणी माणसाने हे नाव लावण्यावर. आराखडे करण्याच्या कामावर नव्हे. आणि नोंदणी पुढे चालू ठेवण्यासाठी कायद्याने जी तरतूद केली ती फी भरण्याची. दरम्यानच्या वर्षांत सभासदाने काही नवे शिकले की नाही, हा प्रश्न कायद्याच्या मजकुरात विचारलेला नाही. इंग्लंडमधली वास्तुविशारदांची राजमान्य संस्था आपल्या सभासदाकडून वर्षाकाठी किमान 35 तासांच्या अध्ययनाची अपेक्षा करते, आणि अध्ययन कशाचे केले हे त्याला नोंदवून ठेवावे लागते. आपल्याकडे कौन्सिल ऑफ आर्किटेक्चरने पुण्यात प्रशिक्षण व संशोधन केंद्र काढले, शिक्षकांसाठी व व्यावसायिकांसाठी छोटे अभ्यासक्रम चालवले. हे स्वागतार्ह आहे. पण 1917 सालच्या मंडळींनी जे हौसेने स्वतःवर लादून घेतले होते, ते मधल्या काळात ऐच्छिक होऊन बसले.

अध्ययन ऐच्छिक राहिले तर काय होते? येथे आम्हांला जमिनीच्या पोटातल्या इतिहासाकडे वळावे लागते.

भूकंपात इमारत कशी टिकवावी, याचे पहिले भारतीय मानक 1962 साली प्रसिद्ध झाले. त्याच्या नकाशात दख्खनचे बहुतेक पठार शून्य धोक्याच्या पट्ट्यात दाखवले होते. त्या वेळी शिकून बाहेर पडलेल्या विद्यार्थ्याने हा नकाशा पाठ केला आणि आयुष्यभर त्यावर विसंबून राहण्याची तयारी केली. पाच वर्षांतच, 11 डिसेंबर 1967 रोजी, कोयनानगर हादरले. सुमारे 180 माणसे दगावली. 1970 साली नकाशा बदलला. शून्याचा पट्टा रद्द झाला आणि कोयनेचा परिसर चौथ्या पट्ट्यात गेला. तरी लातूर-किल्लारीचा भाग सर्वांत कमी धोक्याच्या पहिल्या पट्ट्यातच राहिला. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे, गणपतींचे विसर्जन करून माणसे निजली असताना, तीही समजूत कोसळली. सुमारे 8 हजार माणसे मेली. 2002 साली नकाशा पुन्हा बदलला, पहिला पट्टाच नाहीसा झाला आणि किल्लारी तिसऱ्या पट्ट्यात गेली. म्हणजे 1962 ते 2002 या 40 वर्षांत महाराष्ट्राच्या पायाखालचा नकाशा दोनदा मुळातून बदलला. जो वास्तुविशारद 1965 साली पदवी घेऊन 2000 साली निवृत्त झाला, त्याचे कॉलेजातले ज्ञान त्याच्या उमेदीच्या वर्षांतच जुने झाले होते.

किल्लारीत माणसे कशाने मेली, तेही नीट समजून घेतले पाहिजे. तेथली भिंत दोन-दोन, तीन-तीन फूट जाडीची, पण ती एक भिंत नव्हती. बाहेरचे एक तोंड आणि आतले एक तोंड अशा दगडांच्या दोन पडद्या, मध्ये माती आणि खडीचे भरण. एका तोंडापासून दुसऱ्या तोंडापर्यंत पोहोचणारा सलग दगड मधूनमधून घातला असता, तर दोन्ही पडद्या एकमेकींना धरून राहिल्या असत्या. तो घातलेला नव्हता. वर माळवदाची माती, दर पावसाळ्यापूर्वी आणखी एक थर. हादरा बसताच पडद्या फाकल्या आणि मातीचा सारा भार खाली आला. कित्येक घरांत लाकडी खांब-तुळयांचा सांगाडा उभा राहिला, आणि माणसे मात्र भिंतीच्या दगडांखाली गाडली गेली.

आता हरसूलचा कूड आठवा. भिंत हलकी, भार मेढींवर, सांधे लवचिक. आसामात 12 जून 1897 च्या प्रचंड भूकंपानंतर दगडी इमारती पडलेल्या पाहून तेथल्या बांधणाऱ्यांनी लाकडी सांगाडा आणि वेत-बोरूच्या लिंपलेल्या भिंती यांचा पुरस्कार केला. आसामी पद्धतीचे घर म्हणून ते पुढे सरकारी बंगल्यांतही आले. त्या घराचे तत्त्व आणि आपल्या कोकणा-वारल्यांच्या घराचे तत्त्व एकच आहे. जे शिकण्यासाठी तज्ज्ञांना भूकंपाची वाट पाहावी लागली, ते हरसूलच्या रानात पिढ्यानुपिढ्या बांधले जात होते.

कोणी म्हणेल, किल्लारीची घरे गावच्या गवंड्यांनी बांधली होती. तेथे वास्तुविशारद होताच कोठे? या शंकेचे उत्तर 26 जानेवारी 2001 रोजी मिळाले. कच्छच्या भूकंपाने गुजरातेत सुमारे 14 हजार माणसे मृत्युमुखी पडली. भूकंपकेंद्रापासून 200 किलोमीटरहून अधिक दूर असलेल्या अहमदाबादेतही बहुमजली इमारती कोसळल्या. त्या कोणा अडाण्याने बांधलेल्या नव्हत्या. त्यांना नकाशे होते. खाली मोटारी ठेवण्यासाठी नुसते खांब आणि वर विटांच्या भिंतींनी भरलेले मजले, अशी त्यांपैकी बऱ्याच इमारतींची रचना होती. वरचा भाग ताठ, खालचे पाय लटके. हादऱ्याने पायच मोडले. खांबातल्या सळयांना घातलेल्या रिंगांची टोके खांबाच्या पोटात आत वळवावीत, ही सूचना 1993 च्या मानकात छापलेली होती. ती वाचायला कोणी लावले नव्हते.

यानंतर केंद्र सरकारच्या गृह मंत्रालयाने दोन राष्ट्रीय कार्यक्रम आखले, एक इंजिनिअरांसाठी आणि एक वास्तुविशारदांसाठी. व्यवसायात असलेल्या प्रत्येकी 10 हजार माणसांना पुन्हा वर्गात बसवून भूकंपाचा धोका आणि त्यावरची उपाययोजना शिकवायची, असे त्यांचे उद्दिष्ट होते. शिकून झालेल्यांनी पुन्हा शिकले पाहिजे, हे सरकारने एवढ्या मोठ्या प्रमाणावर मान्य केले. पण त्यासाठी केवढी किंमत मोजावी लागली! कोयना, किल्लारी, कच्छ: आमच्या शिक्षणाची प्रत्येक पायरी थडग्यांवर रचली गेली आहे. धोका आधी ओळखून शिकणे आणि माणसे मेल्यावर शिकणे, यांत जो फरक आहे तोच सुसंस्कृत समाज आणि बेफिकीर समाज यांच्यातला फरक होय.

आता पुढचा इशारा फार लांबचा नाही. 2018 च्या नोव्हेंबरपासून पालघर जिल्ह्याच्या डहाणू-तलासरी भागात लहान-लहान धक्क्यांची मालिका सुरू झाली. 2019 च्या फेब्रुवारीत त्यांतल्या एका धक्क्याची तीव्रता 4 च्या थोडी वर गेली आणि लोकांना थंडीत तंबूंत रात्री काढाव्या लागल्या. हरसूलच्या पश्चिमेला जव्हार, आणि जव्हारच्या पलीकडे तो मुलूख. लोक तेच, डोंगर तेच, घरेही त्याच घडणीची.

मात्र घरे आता तीच राहिलेली नाहीत. साग तोडण्यावर बंधने आली, कारवी दूर गेली, आणि दर दोन-चार वर्षांनी कूड लिंपण्याचा कंटाळाही आला. 2016 साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री आवास योजनेत किमान 25 चौरस मीटरचे पक्के घर आणि त्यासाठी सपाट प्रदेशात 1 लाख 20 हजार, डोंगराळ राज्यांत 1 लाख 30 हजार रुपयांचे साहाय्य ठरले. गरीब कुटुंबाने या घराची इच्छा धरावी यात गैर काहीच नाही. पावसात न गळणारे, सापकिरडू न येणारे घर कोणाला नको असेल? शहरातल्या माणसाने सिमेंटच्या घरात राहून आदिवासींना कुडाचे गोडवे ऐकवणे, हा आम्हांला शिष्टपणा वाटतो. प्रश्न कूड की सिमेंट हा नाहीच. नवे घर बांधणाऱ्या हाताला नव्या मालाची विद्या कोण देणार, हा प्रश्न आहे. कुडाचे घर बांधणाऱ्याला त्याचा प्रत्येक सांधा माहीत होता. विटा-सिमेंटच्या घरात दारा-खिडक्यांच्या वरून चारी भिंतींना बांधणारा काँक्रीटचा सलग पट्टा का हवा, काँक्रीटवर पाणी किती दिवस मारायचे, गॅबलची भिंत मोकळी का सोडू नये, हे त्याला कोणी सांगितलेले नसते. जुनी विद्या सुटली आणि नवी हाती आली नाही, अशा मधल्या काळातली घरे सर्वांत धोक्याची असतात.

या योजनेत गवंड्यांसाठी 45 दिवसांचे प्रशिक्षण ठेवले आहे, आणि ते वर्गात नव्हे तर प्रत्यक्ष एखादे घरकुल बांधता बांधता द्यायचे असते. आम्हांला ही गोष्ट फार मोलाची वाटते, कारण 1854 च्या आणि 1896 च्या वर्गांचे मूळ तत्त्व तीत पुन्हा अवतरले आहे. गवंडी काम करता करता शिकू शकतो, तर वास्तुविशारदाने तसे शिकण्यात कमीपणा कसला?

म्हणून आमची सूचना साधी आहे. नाशिकमध्ये वास्तुकलेचे महाविद्यालय आहे, वास्तुविशारदांच्या संस्थेची शाखा आहे, अनुभवी इंजिनिअर आहेत. दरवर्षी पावसाळ्यापूर्वी आठ दिवस व्यवसायातली काही मंडळी हरसूल भागात जाऊन राहिली, तर पहिले चार दिवस त्यांनी बॅटलींच्या पद्धतीने जुनी घरे मोजावीत आणि मेढ, आढे, वळचण यांचे शास्त्र तेथल्या म्हाताऱ्या माणसांकडून समजून घ्यावे. पुढले चार दिवस त्यांनी तेथल्या गवंड्यांबरोबर एखाद्या चालू घरकुलावर उभे राहून पट्टा, सळई, रिंग आणि पाणी यांचे शास्त्र सांगावे. अशा अभ्यासक्रमात गुरू कोण आणि शिष्य कोण हे दर चार दिवसांनी बदलेल, आणि तेच त्याचे वैशिष्ट्य ठरेल. यासाठी मोठा निधी नको, नवा कायदाही नको. 1917 च्या माजी विद्यार्थ्यांपाशी तरी उत्साहाखेरीज काय होते?

आणि आपण श्रोत्यांनीही आपला वाटा विसरू नये. आपण घर बांधायला काढतो तेव्हा नकाशा करणाऱ्याला दर विचारतो, मुदत विचारतो, स्वयंपाकघराची दिशा विचारतो. यापुढे आणखी एक प्रश्न विचारावा: गेल्या पाच वर्षांत आपण नवीन काय शिकलात? जो खरा जाणता असेल तो या प्रश्नाने रागावणार नाही. उलट खुर्ची पुढे ओढून सांगू लागेल. आणि जो रागावेल, त्याच्याकडून घर बांधून घ्यावे की नाही, याचा निर्णय प्रत्येकाने आपल्या मुलाबाळांकडे पाहून करावा.